उजव्या पायाचा चिमटा

आमच्या गोवंडीत कुणी बायोमेडिकल इंजिनियरिंगला गेले की शेजारी विचारतात, ‘म्हणजे डॉक्टर होणार का?’ नाही, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीने शरीरशास्त्र शिकावेच लागते. हृदयाची वीज कातडीवर जेमतेम १ मिलिव्होल्ट भरते. भोवतालच्या तारांत २३० व्होल्ट. त्यांची गुणगुण अंगात शिरते आणि ईसीजीची रेघ थरथरते. दोष तारेचा, धास्ती रोग्याच्या घरी! म्हणून यंत्र दोन ठिकाणच्या विजेतला फरक तेवढा वाढवते. दोन्हीकडे सारखी असलेली गुणगुण गळते. उजव्या पायाचा चिमटा तर काहीच मोजत नाही, उरलेली गुणगुण दाबतो. मला तोच सर्वांत हुशार वाटतो. शेजारच्या ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे ईसीजी यंत्र घडवले आहे. खेड्यातल्या रोग्याची रेघ मोबाइलवरून शहरातल्या डॉक्टरांपुढे येते.