ट्रामची तार आणि ट्रामचा थांबा

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. कॅनडा देशातल्या टोरांटो शहरात मात्र विजेची ट्राम १८९२ साली सुरू झाली ती आजही धावते आहे. १९७२ साली तिथेही ट्राम मोडीत काढण्याचे घाटत होते; पण नागरिकांनी आवाज उठवला आणि तो बेत सोडून देण्यात आला. आता जुनी गोष्ट राखायची म्हटली, की तिची डागडुजी आलीच. ती टोरांटोने कशी केली, ते आज पाहू.

आधी ट्राम चालते कशी, ते ध्यानात घ्या. रस्त्याच्या वर तांब्याची तार ताणलेली असते. तिच्यातून सुमारे ६०० व्होल्टची वीज येते. ती गाडीच्या टपावरून खाली मोटारीत उतरते, चाके फिरवते आणि रुळांवाटे माघारी जाते. गुरुजी, सेल, तार आणि दिवा जोडून तुम्ही वर्गात जे विद्युत्-मंडल दाखवता, तेच हे. फक्त शहराएवढे मोठे.

आता तारेतली वीज टपावर घ्यायची कशी? जुनी रीत काठीची. टपावरची लांब काठी स्प्रिंगच्या जोराने वर रेटलेली असे आणि तिच्या टोकाच्या खाचेत तार बसे. सरळ रस्त्यावर हे ठीक चाले. पण जिथे तारांना फाटे फुटत, तिथे काठी निसटण्याची धास्ती. म्हणून गाडी अगदी हळू न्यावी लागे. निसटलीच, तर चालकाने खाली उतरायचे, दोरी ओढून काठी पुन्हा तारेला लावायची आणि मागच्या गाड्यांनी तोवर खोळंबायचे!

नव्या रीतीत टपावर घडीचा सांगाडा असतो. त्याला पँटोग्राफ म्हणतात. त्याच्या माथ्यावरची आडवी पट्टी तारेला खालून नुसती टेकते. खाचच नाही, तेव्हा फाट्यावर पट्टी एका तारेवरून दुसरीवर सहज सरकते. मात्र इथे एक गंमत आहे. विहिरीच्या काठावर दोर रोज एकाच जागी घासला, की दगडालासुद्धा खाच पडते. तशीच या पट्टीला पडेल. म्हणून तार मुद्दाम किंचित नागमोडी बांधतात. मग पट्टी सगळीकडे सारखी झिजते.

तारेचे जुने सांधे काठीसाठी घडवलेले. त्यांत पट्टी अडकली असती. शिवाय शहर बंद ठेवून काम करता येत नाही. तेव्हा एकेका मार्गाची तार आधी दोन्ही साधनांना चालेल अशी केली आणि नव्या गाड्यांच्या टपावर काठी व पँटोग्राफ दोन्ही बसवले. नवी गाडी ऑगस्ट २०१४ मध्ये स्पडायना मार्गावर आली. सप्टेंबर २०१७ पासून हार्बरफ्रंट मार्गावर पँटोग्राफ रोजच्या वापरात आला. शेवटच्या जुन्या गाड्या डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाल्या.

पण एवढ्याने भागत नाही, बरे का! जुन्या गाडीला उंच पायऱ्या होत्या. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला तिच्यात चढताच येत नसे. काठी टेकत आलेल्या आजीबाईंनाही कष्ट पडत. नव्या गाडीचा तळ खाली आहे आणि एका दारातून उतरती फळी बाहेर सरकते. परंतु टोरांटोत पुष्कळ ठिकाणी ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते. फळी थेट रस्त्यावर टेकली, तर चढ उभा होतो. थोड्या उंच ओट्यावर टेकली, तर सौम्य होतो. म्हणून थांबेही सुधारावे लागले. रॉन्सेसव्हेल्स रस्त्यावर तर थांब्यापाशी पदपथच रुळांपर्यंत पुढे आणला. वाहनांच्या गर्दीत पाय न ठेवता माणूस गाडीत चढतो.

वरची तार उत्तम झाली आणि खालची पायरी उंचच राहिली, तर ती सुधारणा सर्वांच्या वाट्याला येत नाही. शिक्षकहो, मुलांना घेऊन एसटीच्या थांब्यावर जा. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे, ते फूटपट्टीने मोजा. मग गावातल्या कोणाकोणाला ती चढवत नाही, याची मुलांनाच यादी करू द्या.