अडकित्त्याला घुंगरू कशाला?

आपल्या खानदेशातल्या मेहरूणचं बोर खाऊन झालं तरी संपत नाही, बी उरते. ती पायरीवर ठेवायची, वरून दगड हाणायचा आणि आतला इवलासा गर तोंडात टाकायचा. टणक कवच फोडायचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे हा दगड!

सुपारीला मात्र दगड चालत नाही, चुरा होतो. नेटकं खांड हवं तर अडकित्ताच हवा. कानडीत सुपारीला ‘अडके’ म्हणतात. अडकित्त्याचं नाव त्याच घरातलं. खानदेशात सुपारीच्या बागा नाहीत. नावाजलेली रोठा सुपारी कोकणातल्या श्रीवर्धनची. पान मात्र आपलं: भुसावळजवळच्या एका गावाचं नावच ‘कुऱ्हे पानाचे’.

कात्रीचा खिळा मधे असतो, अडकित्त्याचा टोकाला. सुपारी खिळ्याजवळ सरकवा, मुठीचा जोर कितीतरी पटींनी वाढतो आणि कटकन् दोन खांडं! अक्रोड फोडायचा चिमटाही याच हिशेबावर चालतो.

पण आपल्या कारागिरांना नुसतं कापून समाधान कुठलं? त्यांनी अडकित्त्याला पोपट केलं, घोडा केलं, मिठीतलं जोडपंही केलं. काहींना घुंगरू लावले, म्हणजे प्रत्येक खांडागणिक छुमछुम! रोज हातात येणारी वस्तू देखणी असावी, एवढ्या एका हौसेपोटी.

ही हौस डोळे भरून पाहायची तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावं. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. दिवे, कुलपं, अडकित्ते अशा 20 हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या आणि 1975 साली हे सगळं धन महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. मला तिथली दालनं राजवाड्यांपेक्षा श्रीमंत वाटतात.

अशीच हौस जर्मनीतही: तिथल्या कारागिरांनी लाकडी शिपायाच्या जबड्यातच अक्रोड ठेवला. झायफेन गावच्या विल्हेल्म फ्युश्टनरनं 1870च्या सुमारास घडवलेला शिपाई पुढच्या सगळ्यांचा नमुना ठरला. अशाच अक्रोडफोड्या शिपायावरचा, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ बॅले 1892 साली रंगमंचावर आला. आज या शिपायांपैकी बहुतेक जण अक्रोड फोडत नाहीत. नाताळात नुसते ऐटीत उभे राहतात.

त्याच थंडीत मेहरूणची बोरं बाजारात येतात, आणि पायरीवर पुन्हा दगड वाजू लागतो.