काळ्या धुराचा हिशेब

यंत्र आणि शिवार : लेखांक ८

गेल्या आठवड्यात एचपी आणि टॉर्कचं नातं पाहताना आपण एका ठिकाणी थांबलो होतो : लोड आला की इंजिन दबतं. आज तिथूनच पुढे.

रोटाव्हेटर लावलेला जुना ट्रॅक्टर भारी जमिनीत शिरला, की आवाज घोगरा होतो आणि सायलेन्सरमधून काळा लोट उठतो. बांधावरचा माणूस म्हणतो, ‘गडी जोर लावतोय.’ खरं तर तो लोट म्हणजे रोख पैसे मोजून आणलेलं आणि अर्धवट जळालेलं डिझेल.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबली की तीच इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. फवारा जाडाभरडा असेल तर कडेचं डिझेल जळतं, मधल्याला हवा पुरत नाही आणि काजळी उरते. जुन्या पंपाचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. लोडखाली फेरे उतरले की दाबही उतरतो, तोही नेमका जास्त डिझेल लागतं तेव्हाच.

मग ज्वलन आणखी कडक केलं तर? तिथे दुसरं दुखणं उभं राहतं. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण अति उष्णतेत ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. धुरासारखे ते डोळ्यांत भरत नाहीत, फुफ्फुसांना मात्र बाधतात. आच वाढवली तर हे वाढतात, कमी केली तर काजळी वाढते. ट्रॅक्टरवर आज दिसणारी सगळी नवी यंत्रणा या ओढाताणीतून आली आहे.

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या धुराचे नियम ‘ट्रेम’ नावाने ओळखले जातात. ट्रेम-४ हा टप्पा अनेकदा पुढे ढकलला गेला आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना लागू झाला. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिन डायनॅमोमीटरवर चढवतात आणि एका किलोवॅट-तासामागे, म्हणजे वीजबिलातल्या एका युनिटइतक्या कामामागे, किती ग्रॅम घाण बाहेर पडली ते मोजतात. ५० ते ७५ एचपीच्या गटात काजळीच्या कणांची मर्यादा ०.४ ग्रॅमवरून ०.०२५ वर आली. थेट सोळावा हिस्सा! हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा मात्र पूर्वीइतकीच, ४.७ ग्रॅम राहिली. ७५ एचपीच्या वर नायट्रोजन ऑक्साइडलाही ०.४ ग्रॅमची स्वतंत्र वेसण घातली गेली. कुठल्या ट्रॅक्टरवर काय बसवलंय, ते या आकड्यांवरूनच कळतं.

पहिला बदल सीआरडीआय. एका जाड नळीत डिझेल हजार बारपेक्षाही जास्त दाबाने भरून ठेवलेलं असतं आणि हा दाब फेऱ्यांवर अवलंबून नसतो. नोजल कधी आणि किती वेळ उघडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, ठरवतो. एकाच फेऱ्यात दोन-तीन वेळा फवारून तो ज्वलन हळुवार सुरू करतो. दुसरा ईजीआर : जळालेला थोडा वायू थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे आच उतरते.

एवढं करूनही जी काजळी उरते, ती डीपीएफमध्ये अडकते. हा सायलेन्सरच्या वाटेवरचा सिरॅमिकचा गाळणा, मधाच्या पोळ्यासारखा. त्याची एक नळी पुढून बंद, तर शेजारची मागून. धूर एका नळीत शिरतो आणि मधल्या सच्छिद्र भिंतीतून झिरपत शेजारच्या नळीने बाहेर पडतो. काजळी भिंतीवरच राहते. ती साठली की ईसीयू जादा डिझेल सोडून गाळण्याचं तापमान ५५०-६०० अंशांवर नेतो आणि ती जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. रिजनरेशनचा दिवा लागल्यावर ट्रॅक्टर उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभा करू नका. इंजिन ऑइलही मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला, कारण ऑइलची राख जळत नाही. ती गाळण्यातच बसून राहते.

७५ एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरवर बहुधा नायट्रोजन ऑक्साइड निवळणारा एससीआर असतो आणि त्यासाठी डीईएफची वेगळी टाकी. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. उष्णतेने त्यातून अमोनिया निघतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करतो. युरिया तर घरात आहेच, म्हणून गोणीतला पाण्यात कालवून ओतायचा मोह होईल. तो आवरा. खताचा युरिया निंबोळी तेलाचं आवरण घेऊन येतो आणि त्याला ती शुद्धताही नसते. महागडं यंत्र त्याने बाद होतं.

जुने मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचे आणि ते किती काळं झालं, यावरून इंजिनाची तब्येत सांगायचे. डीपीएफच्या ट्रॅक्टरवर थंड इंजिनाला हीच परीक्षा करून बघा, बोट जवळपास कोरं निघेल. ते काळं झालं, तर आता खोट इंजिनाऐवजी आधी फुटक्या गाळण्यात शोधायची.

(पुढच्या आठवड्यात : बॅरलमधलं डिझेल आणि त्यातलं पाणी)