यंत्राला पुस्तक कसे कळते?

एखादे छापील पुस्तक उघडा आणि त्यातील एकही शब्द न वाचता पानाकडे नुसते पाहा. वरच्या बाजूस मोठ्या, ठळक अक्षरांत आहे ते प्रकरणाचे नाव होय, हे तुम्ही तत्काळ ओळखता. जेथे ओळ थोडी आत सरकून सुरू झाली आहे, तेथे नवा परिच्छेद. जेथे आखूड ओळी एकीखाली एक मांडल्या आहेत, तेथे कविता. हे ज्ञान आपल्याला अक्षरांनी दिलेले नसते. ते अक्षरांच्या लहानमोठ्या आकाराने आणि त्यांच्या भोवतालच्या मोकळ्या जागेने दिलेले असते. खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याने ही व्यवस्था मोठ्या काळजीने केलेली असे. पुढे हीच पुस्तके संगणकात उतरविण्यात आली, तेव्हा अक्षरे तेवढी उतरली. व्यवस्था मागे राहिली.

या कामाचा आरंभ अमेरिकेत झाला. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या तरुण विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून खुला ठेवला. त्या यंत्राला इंग्रजीची लहान अक्षरे ठाऊक नव्हती, म्हणून सारा जाहीरनामा मोठ्या अक्षरांतच उतरला! यातूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा ग्रंथसंग्रह उभा राहिला. ज्यांच्या प्रकाशनहक्काची मुदत संपली आहे, अशी ७० हजारांहून अधिक पुस्तके आज त्यात आहेत व ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

हार्ट यांचा आग्रह साध्या मजकुराचा होता. साधा मजकूर म्हणजे केवळ अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि रिकाम्या जागा. त्यात ठळकपणा नाही, तिरपी अक्षरे नाहीत, चित्रे नाहीत. अशी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते आणि यंत्रे बदलली तरी निरुपयोगी होत नाही. हा गुण सामान्य नव्हे. मात्र त्याची किंमत द्यावी लागली. स्वयंसेवकांनी पानाची व्यवस्था कशीबशी जपण्यासाठी काही संकेत ठरविले: परिच्छेद संपला की एक ओळ कोरी, प्रकरणापूर्वी अनेक ओळी कोऱ्या, तिरप्या अक्षरांतील शब्दाच्या दोन्ही बाजूंना तळाशी एकेक आडवी रेघ. त्या काळच्या पडद्यावर एका ओळीत बहुधा ८० अक्षरे मावत. म्हणून सुमारे ७० अक्षरांनंतर ओळ तोडीत.

माणसाला हे संकेत कळतात. यंत्राला कोरी ओळ म्हणजे केवळ कोरी ओळ. अशी फाइल मोबाइलच्या अरुंद पडद्यावर उघडून पाहा. प्रत्येक ओळ पडद्याच्या कडेला मोडते आणि तिचा उरलेला तुकडा खाली एकटाच पडतो. लांब ओळ, आखूड ओळ, पुन्हा लांब, पुन्हा आखूड! दोन पाने वाचली की डोळे शिणतात.

यावरचा उपाय दुसरीकडून आला. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ ‘सर्न’ नावाची विज्ञानसंस्था आहे. तेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जागतिक जाळे उभारले आणि त्यासाठी ‘एचटीएमएल’ ही खुणांची भाषा तयार केली. हिच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाला कोनी कंसांतील एक नाव मिळते. परिच्छेदाच्या आधी कंसात ‘पी’ हे इंग्रजी अक्षर लिहावयाचे. परिच्छेद संपला की तीच खूण तिरप्या रेघेसह पुन्हा लिहावयाची. मथळ्यासाठी ‘एच’ हे अक्षर आणि त्यापुढे त्याची पायरी दाखविणारा १ ते ६ पैकी अंक. या खुणा वाचकाला दिसत नाहीत. विरामचिन्हेही आपण कोठे उच्चारतो? आपल्या जुन्या पोथ्यांत तर शब्दसुद्धा सलग लिहिलेले असत. मराठीत विरामचिन्हे रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या कामी मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता.

आता साध्या मजकुराला या खुणा कशा लावतात, ते पाहू. प्रथम एक लहानशी, पण फसवी अडचण दूर करावी लागते. गणितात ‘पेक्षा लहान’ म्हणून तुम्ही जे चिन्ह काढता, तोच खुणेचा डावा कंस. ते मजकुरात तसेच राहिले, तर तेथे खूण सुरू झाली असे यंत्र समजेल. म्हणून त्याऐवजी एक सांकेतिक शब्द घालतात. या सांकेतिक शब्दाचा आरंभ ‘आणि’ या अर्थाच्या इंग्रजी चिन्हाने होतो. तेव्हा मजकुरातील ते ‘आणि’चे चिन्ह आधी बदलावे लागते, कंस मागाहून. क्रम उलटला, तर नव्याने घातलेले चिन्हही पुन्हा बदलले जाते आणि सर्व घोटाळा होतो.

त्यानंतरचे काम प्रोग्राम क्षणात करतो. दोन कोऱ्या ओळींमधील तुटलेल्या ओळी तो एकत्र जोडतो व त्यांना परिच्छेदाची खूण लावतो. मग कवितेचे काय? तिच्याही ओळी तो निःशंकपणे जोडून टाकील! पत्राच्या माथ्यावरचा पत्ता, नाटकातील संवाद, कोष्टक, यांचीही तीच गत. म्हणून ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ या नावाने २००० सालापासून काम करणारे स्वयंसेवक मूळ पानाचे छायाचित्र समोर ठेवून मजकूर ताडून पाहतात आणि कवितेच्या आधी व नंतर तिरपी रेघ व तारका यांची खूण करतात. या ओळींना हात लावू नये, असा तिचा अर्थ.

तिरप्या अक्षरांची गोष्ट तर याहून नाजूक आहे. इंग्रजी छपाईत जोर द्यावयाचा शब्द तिरपा छापतात, परकी भाषेतील शब्द तिरपा छापतात आणि जहाजाचे नावही तिरपेच छापतात. जूल व्हेर्न यांच्या कादंबरीतील ‘नॉटिलस’ ही पाणबुडी आणि एखाद्या पात्राने रागाने उच्चारलेला ‘नाही’ हा शब्द, पानावर दोन्ही सारखेच दिसतात. एचटीएमएलमध्ये मात्र जोर दाखविण्याची खूण वेगळी आणि नावापुरत्या तिरपेपणाची वेगळी. कोठे कोणती लावावी, हे वाक्य वाचून, त्याचा अर्थ जाणूनच ठरवावे लागते.

अशी तयार झालेली प्रकरणे, चित्रे आणि अनुक्रमणिका एका गाठोड्यात बांधली की ई-पुस्तक होते. ‘ईपब’ हा २००७ साली ठरलेला पुस्तकप्रकार म्हणजे असेच एक गाठोडे. ते सोडले तर आत याच खुणांच्या फाइली सापडतात.

या साऱ्या खटाटोपाचा खरा उपयोग अंध वाचकाला विचारावा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली ‘एनव्हीडीए’ या प्रोग्रामचे काम हाती घेतले. तो पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो व विनामूल्य मिळतो. एचटीएमएलचे पान उघडे असता ‘एच’ ही कळ दाबली की तो पुढच्या मथळ्यावर उडी घेतो. मात्र त्या ठिकाणी मथळ्याची खूण असावी लागते. कोणी घाईने ते शब्द केवळ मोठे व ठळक करून ठेवले असतील, तर डोळस वाचकाला तेथे प्रकरणाचे नाव दिसते; अंध वाचकाने मात्र कितीही वेळा कळ दाबली, तरी त्याला ते प्रकरण सापडत नाही.