१७९ म्हणजे कोणते अक्षर?

समजा, १९९५ च्या सुमारास कोणी पालघर तालुक्यातल्या ‘माकुणसार’ गावाचे नाव संगणकात मराठीतून साठवले आणि ती फाइल जपानी संगणकावर उघडली. पडद्यावर जपानी अक्षरांत काय उमटले असते, सांगू? ‘फुरेउन्चिरारेमा’! हा अनुवाद नव्हे आणि यंत्राचा बिघाडही नव्हे. संगणकाने आपले काम चोख केले आहे.

असे पाहा. संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. कोणत्या संख्येला कोणते अक्षर, हे माणसांनी तक्ता करून ठरवायचे. इंग्रजीचा ‘आस्की’ तक्ता १९६३ साली अमेरिकेत निघाला. त्यात ० ते १२७ एवढ्याच संख्या. ‘ए’ म्हणजे ६५, ‘बी’ म्हणजे ६६. पण एका बाइटमध्ये ० ते २५५ अशा २५६ संख्या मावतात. वरच्या १२८ जागा मोकळ्या राहिल्या, आणि त्या ज्याने त्याने आपापल्या सोयीने भरल्या. आपल्याकडे १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ तक्ता प्रमाण केला. त्यात ‘क’ ला १७९ मिळाला. जपानच्या ‘शिफ्ट-जिस’ तक्त्यात १७९ वर ‘उ’ बसलेला!

माकुणसारच्या संख्या अशा: म २०४, काना २१८, क १७९, उकार २२१, ण १९३, स २१५, पुन्हा काना २१८, र २०७. जपानी तक्त्यात याच संख्या अनुक्रमे फु, रे, उ, न्, चि, रा, रे, मा.

मग इंग्रजी सॉफ्टवेअर जपानी संगणकावर चालते कसे? खालच्या १२८ जागा दोन्हीकडे जवळजवळ सारख्या आहेत म्हणून. ९२ वर मात्र इंग्रजीत उलटी तिरपी रेघ, तर जपानीत येन या नाण्याचे चिन्ह. त्यामुळे फोल्डरांच्या नावांमध्ये रेघेऐवजी येन दिसतो. दिसेना का, संख्या तीच, काम अडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. जपानच्या रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ चित्रलिपीचिन्हे आहेत. ती २५६ जागांत कशी मावणार? म्हणून प्रत्येक चिन्हाला दोन बाइट. गंमत अशी, की ‘तक्ता’ याच अर्थाच्या चिन्हाची जोडी १४९, ९२ अशी आहे. जोड्यांची माहिती नसलेले इंग्रजी सॉफ्टवेअर एकेक बाइट वाचत जाते, ९२ दिसला की तिरपी रेघ समजते आणि नाव तिथेच तोडते. फाइल जागेवर असते, पण सॉफ्टवेअर म्हणते, सापडत नाही!

१९९१ पासूनच्या ‘युनिकोड’ तक्त्यात ‘क’ ला २३२५ आणि जपानी ‘उ’ ला १२४५४ अशा वेगळ्या संख्या आहेत. दोघे आता एकाच फाइलीत सुखाने नांदतात. जुन्या फाइली मात्र जुन्याच तक्त्याने वाचाव्या लागतात. अशी फाइल अगम्य दिसली तरी मजकूर शाबूत असतो. योग्य तक्ता निवडला की अक्षरे परत येतात. घाईने ती तशीच पुन्हा साठवू नका. न ओळखलेल्या अक्षराच्या जागी काही सॉफ्टवेअर प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३, घालते. मूळ संख्या पुसली गेली, की कोणताही तक्ता ती परत आणू शकत नाही. आधी प्रत काढून ठेवा.

आता वही घ्या. इस्कीत क, ख, ग, घ यांना ओळीने संख्या आहेत. मग २००, २१८, २०९, १८२, २०७ हे कोणते गाव? जपानी संगणक त्याला ‘नेरेमुकामा’ म्हणेल!