पूल नसलेले हबसाण

हबशांचा इतिहास आम्हा मराठवाड्यातील लोकांस परका वाटण्याचे वास्तविक काहीच कारण नाही. 1610 मध्ये खडकी वसवून पुढे औरंगाबाद झालेल्या नगराचा पाया घालणारा मलिक अंबर हा ॲबिसिनियात जन्मलेला, दासांच्या बाजारांतून हातोहाती विकला जात अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत येऊन पोचलेला पुरुष होता. जमीनमहसुलाची त्याने बसविलेली घडी आणि खडकीस पाणी पुरविणारी त्याची नहर यांची आठवण आमच्या मुलुखात अजून निघते, भातवडीच्या 1624 च्या रणांगणावर शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि 1626 मध्ये निवर्तल्यावर त्याचा देह खुलताबादेच्या मातीस मिळाला. आमच्या वसमतेवर 1948 पर्यंत ज्यांचा अंमल होता त्या हैदराबादच्या निजामांच्या पदरीही हबशी स्वारांचे पथक असे, व त्या पथकाचे नाव हैदराबादेतील एक वस्ती आजही धारण करून आहे. असे असूनही याच वंशाच्या लोकांनी तीन शतकांहून अधिक काळ राखलेल्या जंजिऱ्याविषयी आम्हांस एवढेच ठाऊक असते, की तो अजिंक्य राहिला.

हळदीच्या शेतांचा काळा मुलूख मागे टाकून पूर्णा जंक्शनवरून पनवेल, तेथून एस.टी.ने मुरूड आणि मग राजपुरीचा धक्का, असा हा मार्ग आहे. राजपुरीस आल्यावर मात्र रस्ता सरतो. मधले पाणी ओलांडावयाचे ते होडीतूनच, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही वाहतूक बंद पडते. होडी तटाच्या अगदी निकट जाईपर्यंत दरवाजा दृष्टीस पडत नाही, अशी त्याची योजना आहे. हेलकावणाऱ्या होडीतून पायरीवर पाऊल टाकताना, ज्यांना वरून गोळे येत असता हेच करावयाचे होते त्यांच्या धैर्याची कल्पना येते. दरवाजापाशी हत्तींना पंजांखाली दाबून धरणारे श्वापद कोरलेले आहे. आत एकोणीस बुरूज, कलालबांगडीसारख्या प्रचंड तोफा, हबशी अधिपती सुरूलखानाच्या वाड्याचे भग्नावशेष, आणि सर्वांत विस्मयकारक म्हणजे खाऱ्या पाण्याने चोहोंकडून वेढलेल्या या खडकावर गोड्या पाण्याचे दोन विस्तीर्ण तलाव. पाणी होते म्हणूनच येथे नुसती शिबंदी नव्हे, तर बायकामुलांसह वस्ती नांदली; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत काही कुटुंबे येथे राहत होती, नंतर ती किनाऱ्यावर उतरली.

बेट मूळचे कोळ्यांचे. लाकडी मेढेकोट उभारून राहिलेल्या राम पाटलाकडून निजामशाहीच्या पिरमखानाने ते कपटाने घेतले, अशी हकिकत आहे. दगडी कोट नंतर, 1567 ते 1571 च्या सुमारास, बुऱ्हाणखानाने बांधला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे सिद्दींची, म्हणजेच हबशांची, सत्ता स्थिरावली आणि त्यांच्या मुलखास हबसाण म्हणू लागले. या सत्तेची एक गोष्ट मला विशेष अभ्यसनीय वाटते: मृत अधिपतीच्या पुत्रापेक्षा आरमारातील प्रमुख सरदारास गादी देण्याचा प्रघात तेथे होता. ज्यांच्या पूर्वजांना कुळापासून तोडून विकण्यात आले होते, त्यांनी रक्तापेक्षा कर्तबगारीस मान द्यावा, हे मला स्वाभाविक वाटते.

शिवछत्रपतींनी या बेटासाठी काय केले नाही! समोर पद्मदुर्ग बांधला. मोरोपंत पिंगळ्यांच्या स्वारीत लाय पाटील या कोळी वीराने रात्री तटास शिड्या लावल्या. 1682 मध्ये संभाजीराजांनी तर राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडामातीचा सेतू घालण्यास आरंभ केला. परंतु मोगल फौज कल्याणच्या बाजूस उतरल्यामुळे राजांना परतावे लागले आणि सेतू अपुरा राहिला. बेटास किनारा जोडण्याचा एवढा मोठा यत्न पुन्हा झाला नाही.

सिद्दींच्या पराक्रमाबरोबर त्यांच्या जुलमाचीही नोंद घेतली पाहिजे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील आवजी हरी हे हबशाच्याच पदरी कारभारी. सिद्दीने त्यांना ठार करून त्यांच्या पत्नीस व मुलांस विक्रीसाठी रवाना केले, असे त्या घराण्याच्या परंपरेत सांगितले जाते. श्रीवर्धनच्या भटांनाही सिद्दीच्याच जाचामुळे गाव सोडावे लागले, आणि त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. 1736 मध्ये रेवसजवळ चिमाजीअप्पांनी सिद्दी सात याचा वध केला, तेव्हा या वैराची धार बरीच बोथट झाली. दासबाजारातून आलेल्यांनीच दुसऱ्यांची मुले बाजारात पाठवावी, हा या इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग आहे, आणि तो झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

आफ्रिकेतून आणलेल्या दासांची आणि पूल नसलेल्या बेटांची अशीच एक कथा अमेरिकेतही आहे. तेथील आग्नेय किनाऱ्यालगतच्या बेटांवर गल्ला नावाचा समाज आहे. भातशेतीसाठी पश्चिम आफ्रिकेतून धरून नेलेल्या दासांचे हे वंशज. हिवतापाच्या भयाने गोरे मालक बेटांपासून दूर राहत आणि पूलही नव्हते, त्यामुळे या लोकांची बोली, गाणी, पाककृती टिकून राहिल्या. लोरेन्झो टर्नर या विद्वानाने 1949 मध्ये त्या बोलीतील आफ्रिकी अंश ग्रंथरूपाने मांडले. हिल्टन हेड बेटास 1956 मध्ये पूल झाला, पाठोपाठ विलासी वसाहती आल्या आणि जुन्या रहिवाशांच्या जमिनी हातच्या गेल्या. डाफस्की बेटास मात्र अजूनही नावेनेच जावे लागते. दास राहिलेल्या गल्लांनी भाषा राखली, राज्यकर्ते झालेल्या जंजिरेकरांनी सत्ता राखली. सत्ता 1948 च्या विलीनीकरणाबरोबर गेली. आफ्रिकी ठेवा पाहावयाचा तर आपल्याकडे तो दरबाराबाहेर पाहावा लागतो: गुजरातेत बावा गोरच्या दर्ग्यापाशी सिद्दींची धमाल आजही नाचली जाते. उत्तर कर्नाटकाच्या अरण्यातले, यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी मात्र आता कोकणी बोलतात.

जंजिऱ्याहून परतताना बहुतेक प्रवासी थेट मुरूड गाठतात. राजपुरीजवळच्या खोकरीस फारसे कोणी वळत नाही. तेथे सुरूलखान, सिद्दी कासिम ऊर्फ याकूतखान आणि खैरियतखान यांच्या दगडी कबरी आहेत. 1734 मध्ये वारलेल्या सुरूलखानाची त्यांतली सर्वांत मोठी. किल्ल्यावर कानी पडते ती युद्धकथा. खोकरीस मात्र हे लोक याच भूमीत राहिले आणि याच भूमीत पुरले गेले, ही गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते.

किल्ल्याच्या आत जन्मलेली आणि लहानपणी तेथे राहिलेली वडीलधारी माणसे आता थोडीच उरली असतील. त्यांच्या आठवणी, घरोघरचे कागद, सणावारांच्या चालीरीती लिहून ठेवण्याचे काम आमच्या विद्यापीठांनी आणि इतिहास संशोधन मंडळांनी विनाविलंब हाती घ्यावे. मलिक अंबराची कबर ज्या मराठवाड्यात आहे, त्याने तर या कामी पुढाकार घ्यावा. आणि वाचकहो, जंजिऱ्यास जाल तेव्हा खोकरीस जाण्याएवढा वेळ अवश्य हाताशी ठेवा.