आमच्याकडे चालते, तुमच्याकडे का नाही?

लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी घरी आणावी, आजी-आजोबांना समोर बसवून प्लेअरमध्ये घालावी आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटावं, हा प्रसंग २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत घडला. तक्रार घेऊन गेलं की शूटिंगवाला तीच डिस्क कॉम्प्युटरला लावून दाखवायचा. ‘आमच्याकडे तर चालते!’ तो खोटं बोलत नसे आणि प्लेअरही बहुतेक वेळा धडधाकट असे.

कॉम्प्युटर उदार असतो. एखादी फाइल उघडली नाही तर नवा कोडेक टाका, नवं सॉफ्टवेअर घ्या, काम होतं. टीव्हीखालच्या प्लेअरला ही सोय नव्हती. त्यातली चिप कारखान्यातून जेवढं शिकून आली, तेवढंच तिला येत असे. म्हणून कुठेही चालणारी डिस्क बनवायची तर प्लेअरला ठाऊक असलेले नियम तंतोतंत पाळावे लागत.

व्हीसीडीचं गणित

व्हीसीडीचे नियम १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ‘व्हाइट बुक’ म्हणून ठरवले. भारतासारख्या पाल टीव्ही पद्धतीच्या देशांसाठी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चित्रं. एमपीईजी-१ पद्धतीने दाबलेल्या चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. गाण्यांची सीडी ज्या वेगाने फिरते, त्याच वेगात दर सेकंदाला ७५ सेक्टर वाचून जेवढा मजकूर हाती येतो, त्यात हे नेमके बसतात.

जागेची युक्तीही बघण्यासारखी आहे. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते, बाकीची बरीच जागा चुका दुरुस्त करण्याच्या खुणांना जाते. जमाखर्चातला एक आकडा चुकून चालत नाही, पण सिनेमातला एखादा ठिपका चुकला तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून व्हीसीडीने त्यातल्या बऱ्याच खुणा गाळून प्रत्येक सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. ६५० एमबीच्या सीडीवर सुमारे ७४० एमबीचं चित्रण मावलं ते असं. तरी वेळ ७४ मिनिटांचाच, त्यामुळे तीन तासांच्या हिंदी सिनेमाला तीन सीडी लागत.

फोल्डर रिकामा दिसला तरी

डीव्हीडीने चित्र ७२० बाय ५७६ वर नेलं, एमपीईजी-२ आणलं आणि चित्राचा कमाल वेग ९.८ मेगाबिट ठरवला. घरी बनवलेली डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली की साधारणपणे दोन फोल्डर दिसतात. ‘ऑडिओ_टीएस’ रिकामा असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. ‘व्हिडिओ_टीएस’मध्ये तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये खरं चित्र आणि आवाज, एकेक फाइल १ जीबीच्या आत. आयएफओमध्ये मेन्यू कुठे, प्रकरण कुठून सुरू होतं याची माहिती. बीयूपी ही त्या माहितीची राखीव प्रत. प्लेअर आधी आयएफओ शोधतो. एव्हीआय फाइल नुसती ओढून डिस्कवर टाकली, तर हे काहीच त्याला सापडत नाही. पुढे डिव्हएक्स पद्धतीच्या एव्हीआय फाइली वाचणारे प्लेअर आले तेव्हा हा जाच थोडा कमी झाला.

नियम पाळूनही डिस्क अडायची, कारण प्रश्न उजेडाचा असे. कंपनीच्या डिस्कवर खळगे साच्याने उमटवलेले असतात. आपण ‘राइट’ करतो त्या सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने तो जागोजागी बदलतो. डिस्क तिरकी धरली तर लिहिलेला आणि कोरा भाग वेगळ्या छटेत दिसतात. हा रंग सीडीच्या ७८० नॅनोमीटर लेझरसाठी निवडलेला. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, त्याला या रंगावरून पुरेसा उजेड परत मिळत नाही. म्हणून एकच लेझर असलेल्या सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरना घरची व्हीसीडी दिसतच नसे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूची गत उलटी. ती उजेड फार कमी परतवते, त्यामुळे जुने सीडी प्लेअर तिच्यापुढे हात टेकत.

आणखी एक साधी चूक म्हणजे डिस्क ‘फायनलाइज’ न करणं. तसं केल्याशिवाय अनुक्रमणिका आणि शेवटची खूण पक्की होत नाही. ज्या यंत्रावर लिहिली तिथे अशी डिस्क चालते, परक्या यंत्रात नाही.

पुण्याहून न्यू जर्सीला पाठवलेल्या लग्नाच्या डीव्हीडीचं दुखणं वेगळं होतं. घरी बनवलेल्या डिस्कला सहसा रीजनचं कुलूप नसतं, पण अमेरिकेत एनटीएससी पद्धत, ७२० बाय ४८० ठिपके. तिथले बरेचसे प्लेअर पाल डिस्क नाकारत, कॉम्प्युटर मात्र दोन्ही चालवी. पाठवण्याआधी एनटीएससी प्रत काढून घेणारे शहाणे ठरले.

आता काय करायचं?

मोझर बेअर या कंपनीने कोऱ्या डिस्क बनवल्या, २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत सिनेमा पोचवला आणि २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. नव्या लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्ह जवळपास हद्दपार झाली आहे. रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने खराब होतो. सीडीत तो लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून बॉलपेनने नाव लिहिणंही घातक.

तेव्हा कपाटातल्या डिस्क रद्दीत देण्याआधी यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह मिळवा. डीव्हीडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, काढा, ती व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये थेट चालते. व्हीसीडीला २०४८ बाइटची चौकट पुरत नाही, तिची बिन-क्यू प्रतिमा काढा. डीव्हीडीवर ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा, ते अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि मग मागे येतं. आकार कमी करायच्या मोहाने चित्र पुन्हा दाबू नका. प्रती दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आणि मूळ डिस्क फेकण्याआधी ती प्रत शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून बघा.